पाच सेकंद पांढऱ्यावर, पाच काळ्यावर

"ताई, ही पण?" साईनाथने विचारलं.

"ही पण," मंजुळा म्हणाली आणि तिने हातातली काचेची कुपी लाल ट्रेमध्ये ठेवली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. लाल ट्रेमध्ये सकाळपासून एकोणीस कुप्या जमल्या होत्या आणि त्यातल्या सोळा जेवणानंतरच्या होत्या. साईनाथने एक उचलली, दिव्यासमोर धरली, हलवली, उलटी करून पाहिली. आत औषध होतं, पाण्यासारखं नितळ. त्याखेरीज काही नव्हतं.

"काय दिसलं तुम्हाला यात?"

"सावली."

"कसली सावली?"

"काचेच्या बाजूला अजून एक काच."

"ताई, काचेच्या बाजूला अजून एक काच नसते."

"मला माहितीय नसते. म्हणून तर रिजेक्ट केली."

साईनाथ सत्तावीस वर्षांचा होता, बी. फार्म. झालेला होता आणि सुपरवायझर होऊन त्याला आठ महिने झाले होते. या उत्तराला काय म्हणायचं हे बी. फार्म.ला शिकवलेलं नव्हतं. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि वेळ लिहून घेतली.

मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत इंजेक्शनं भरली जात. भरलेली प्रत्येक कुपी कुणीतरी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे. या कामासाठी मशीन येणार असल्याचं गेली बारा वर्षं ऐकू येत होतं. ते येईल तेव्हा त्याला हार घालू, तोवर तीन नंबरच्या टेबलावर मंजुळा होती. समोर काळी पेटी, आत दिवा, मागे अर्धा पांढरा आणि अर्धा काळा पत्रा. कुपी बोटांत गरकन फिरवायची आणि पाच सेकंद पांढऱ्यावर, पाच काळ्यावर पाहायची. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर काचेची कपची आणि धागा. शंका आली की बाजूला. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. हे सगळं भिंतीवर लॅमिनेट करून लावलेलं होतं. शेवटचा नियम पाळणारी अख्ख्या खोलीत मंजुळा एकटीच होती, बाकीच्या ती पाच मिनिटं एकमेकींच्या सासवांना देत.

एकवीस वर्षांत तिने पास केलेल्या मालाची एकही तक्रार आली नव्हती. याची कागदोपत्री नोंद मात्र कुठेच नव्हती, कारण न आलेल्या तक्रारीचा फॉर्म नसतो.

संध्याकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत नीलाने तिला कोपराने ढोसलं. "काय ओ मंजुळाताई, कुणाला डोळा मारताय? साईनाथ सरांना? पोरगा लहान आहे हां."

मंजुळाने आरशात पाहिलं. डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी अर्ध्यावर आली होती. तिने बोटाने ती वर केली. बोट काढलं तशी ती पुन्हा सावकाश खाली आली.

"झोप झाली नसेल," ती म्हणाली. बोलताना आवाज नाकातून आला.

"झोप काढा मग. भावजींना सांगा जरा."

"भावजी नऊला घोरतात."

घरी ठाकुर्लीला वेगळाच घोळ चालू होता. रात्रीची भाकरी मंजुळाला चावेनाशी झाली होती. दोन घास जात, तिसऱ्याला जबडा दमे आणि ती ताट सरकवून उठे. ती आपल्यावर रागावली आहे असा तिच्या नवऱ्याचा, भगवानचा, पक्का समज झाला. कशावरून ते त्याला कळेना, आणि विचारलं तर निघेल काहीतरी, म्हणून त्याने विचारलंही नाही. तीन आठवडे तो फार चांगला वागला. पाणी भरून ठेवलं, गच्चीवरचे कपडे आणले, एकदा तर न सांगता गवार निवडली. मंजुळाला वाटलं, याला आपल्या तब्येतीची काळजी लागली आहे. एकूण संसार सुखात चालला होता.

महिन्याच्या शेवटी हरिहर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते क्वालिटीचे प्रमुख होते आणि वाईट बातमी देताना समोरच्याला आधी खुर्ची देत. त्यांनी खुर्ची दिली.

टेबलावर साईनाथने बनवलेला रंगीत तक्ता होता. खाली तास, उभे बाद केलेल्या कुप्यांचे आकडे, प्रत्येक वाराची रेघ वेगळ्या रंगाची. लाल ट्रेमधला माल एरवी तसाच नष्ट करत, पण साईनाथने तो महिनाभर ठेवून पुन्हा तपासला होता. मंजुळाने बाजूला काढलेल्या दहांतल्या नऊ कुप्या निर्दोष होत्या.

"सकाळी आठ ते बारा, तुमच्यासारखं काम कोणाचंच नाही," हरिहर सर म्हणाले. "दुपारी चारला मात्र तुम्ही फारच फेकताय."

"खराब एक तरी सुटली का माझ्याकडून?"

"नाही. प्रश्न तो नाहीय. चांगली जातेय त्याचं काय?"

"सर, शंका आली की बाजूला. तिथे लिहिलंय."

"लिहिलंय," सरांनी कबूल केलं. "पण एवढी शंका यावी असं नाही लिहिलेलं." मग त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, तुम्ही डोळे तपासून घ्या. पंधरा तारखेपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट आणा. नाही मिळालं तर तुम्हाला पॅकिंगला घेऊ. पगार तोच. आरामाचं काम आहे."

पॅकिंगला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्या उघडून त्यात माल भरायचा असे. तिथे खरोखरच आराम होता. तिथे डोळे लागतच नसत. मंजुळा "बरं" म्हणाली. बाहेर येऊन तिने तीन नंबरच्या पेटीतला दिवा पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

त्यानंतर तिने डोळ्यांचे तीन डॉक्टर केले. तिघांनीही सकाळची वेळ दिली. प्रत्येकाकडे ती अर्धा तास आधी पोचली आणि बाकावर डोळे मिटून बसली. तपासणीआधी डोळ्यांना विश्रांती द्यायची, हा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. आणि प्रत्येक वेळी तिने शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. एका डॉक्टरांनी तर तक्त्याखाली छापलेलं छापखान्याचं नाव वाचायला सांगितलं, तेही तिने वाचलं.

"सत्तेचाळिसाव्या वर्षी असे डोळे मी पाहिले नाहीत," पहिले म्हणाले.

"कामाचं टेन्शन आहे का?" दुसऱ्यांनी विचारलं. डोळे उत्तम असल्याचे दोन कागद जमले, पण दुपारच्या सावल्या जाईनात.

नीलाच्या टेबलाभोवती आता निराळी कुजबुज सुरू झाली. डोळे तर छान आहेत म्हणे. मग दुपारीच बरं दिसेनासं होतं? काम नको असेल. पॅकिंगला आराम आहे, तिथे जायचं असेल. मंजुळाच्या कानावर हे आलं, त्या दिवशी ती डबा न उघडता घरी घेऊन गेली.

तिसऱ्या डॉक्टर म्हाताऱ्या होत्या. त्यांनीही डोळे उत्तम असल्याचं लिहिलं, पण कागद देताना थांबल्या. "डोळे त्यांचं काम करताहेत. त्यांना हलवणारं जे मागे आहे, त्याची चौकशी करा," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीवर ठाण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांचं नाव लिहिलं.

'मेंदू' हा शब्द वाचून भगवानने दोन दिवस घरात टीव्हीचा आवाजसुद्धा मोठा केला नाही.

माजिवड्याला डॉ. रसिका यांचा दवाखाना होता. वेळ अकराची मिळाली होती, पण पुलाखाली काहीतरी खोदलेलं होतं, त्यामुळे मंजुळा आणि भगवानची रिक्षा पोचायला बारा वाजले आणि त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी, चारला गेला. मंजुळाने या वेळेचा पुरेपूर सदुपयोग केला. ती बाकावर डोळे मिटून बसली ती नाव पुकारल्यावरच उठली.

डॉ. रसिकांनी हातोडीने गुडघे ठोकले, बोट डावीकडून उजवीकडे नेलं, हात दाबायला लावला. सगळं ठीक होतं. मंजुळाला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं. फाइल परत घेण्यासाठी तिने हात पुढे केला.

डॉक्टरांनी फाइल दिली नाही. सर्टिफिकेटच्या फॉर्ममागे साईनाथचा रंगीत तक्ता टाचलेला होता.

"हे कोणी केलंय?"

"आमचे साईनाथ सर."

"कशासाठी?"

"मला काढायला."

डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "सकाळी कमी. मग चढत जातंय. इथे एक वाजता एकदम खाली आलंय, ते का?"

"जेवणाची सुट्टी असते."

"आणि सोमवारी सगळंच कमी?"

"रविवारी घरी असते ना."

"मंजुळाताई, आत्ता बाहेर तुम्ही झोपला होतात?"

"झोपते कशाला! विश्रांती देत होते. तपासणीच्या आधी द्यायची असते. नियम आहे आमचा."

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही दिली होती?"

"तिघांकडे," मंजुळा अभिमानाने म्हणाली.

डॉ. रसिका खुर्चीत मागे टेकल्या. "सगळ्या डॉक्टरांना तुम्ही व्यवस्थित फसवलंत बरं का," त्या म्हणाल्या. "आता जरा नियम मोडू. त्या पंख्याकडे बघा. डोकं हलवायचं नाही, नजर खाली आणायची नाही. मी सांगेपर्यंत."

मंजुळाने पंख्याकडे पाहिलं. पंख्याला तीन पाती होती. थोड्या वेळाने सहा झाली. डावी पापणी घसरू लागली, मग उजवीही. तिने कपाळाला आठ्या घालून दोन्ही वर ओढून धरल्या, तरी त्या येतच राहिल्या. भगवान उभा राहिला.

"अहो, काय होतंय हिला?"

"हेच तर बघायचं होतं. आता मोठ्याने आकडे म्हणा, ताई. एकपासून."

तेविसापर्यंत आवाज बरा होता. तिसाला तो नाकात गेला. एकेचाळीसला भगवानला आकडा ओळखू येईना.

"ही... रागावलेली नव्हती," तो हळूच म्हणाला. डॉक्टरांना याचा संदर्भ लागला नाही.

सिस्टरला दोन इंजेक्शनं आणायला सांगितलं. पहिलं त्रास होऊ नये म्हणून, आणि दुसऱ्याने काही वेळ फरक पडला तर निदान जवळपास पक्कं, असं डॉक्टर म्हणाल्या. पहिलं दिलं. सिस्टरने दुसरी कुपी तिची मान मोडण्यासाठी बोटांत धरली, तशी मंजुळाने तिचं मनगट पकडलं.

"थांबा. बघू दे."

"अहो मावशी, सील आहे त्याला."

"सीलच्या आत बघतात."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली. मंजुळाने कुपी घेतली. औषधाचं नाव तिने वाचलं. हे ती वर्षानुवर्षं पाहत आली होती, लाखांनी. ते कोणाला, कशासाठी देतात हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. नावाखाली कंपनी मात्र दुसरी होती.

समोर दोन कुप्या दिसत होत्या. तिने उजवा डोळा मिटला आणि डावी पापणी बोटाने वर धरली. आता एक राहिली. तिने ती गरकन फिरवली. पाच सेकंद डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटासमोर, पाच तपासणीच्या खाटेच्या काळ्या रेक्झीनवर.

"चालेल," ती म्हणाली. "दुसऱ्यांची आहे, पण चालेल."

सिस्टरने इंजेक्शन दिलं. त्याचा परिणाम यायला वीसेक मिनिटं होती. तेवढ्यात डॉक्टरांनी कागदावर एक रेघ आणि एक चौकोन काढला.

"ही नस, हा स्नायू. नस निरोप पाठवते, 'पापणी उचल'. स्नायूच्या दारावर तो निरोप घेणारे असतात. शरीरात रोगजंतू ओळखून बाजूला काढणारी एक फौज असते, माहितीय ना?"

"तपासणीवाले."

"बरोबर. तुमच्या तपासणीवाल्यांना हे दारावरचे निरोप घेणारेच खराब वाटायला लागलेत. ते त्यांना काढताहेत. सकाळी उरलेल्यांवर भागतं. दिवसभर काम केलं की निरोप पोचेनासा होतो."

मंजुळाने चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे चांगला माल रिजेक्ट करतायत."

"अगदी."

"त्यांना ट्रेनिंग कोणी दिलं?"

डॉ. रसिका हसल्या. हा प्रश्न त्यांना आजवर एकाही पेशंटने विचारला नव्हता. "छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. तिथेच त्यांचं ट्रेनिंग होतं. तिचा स्कॅन करायचाय आपल्याला. कधी कधी सगळी गडबड तिथली असते. मग ऑपरेशन करून ती काढतात."

"म्हणजे त्यांची चूक नाही तशी. शंका आली, बाजूला काढलं."

"चूक नाही म्हणता येणार नाही, ताई. तुमची पापणी पडली."

"बरी होईल का?" भगवानने विचारलं. तो इतका वेळ छत्रीच्या मुठीशी बोलत असल्यासारखा बसला होता.

"आजार जाईलच असं मी सांगत नाही. आवाक्यात राहील. गोळ्या आहेत, दिवसातून चार वेळा. त्या तपासणीवाल्यांना जरा शांत करणारं औषधही देऊ. वेळ लागेल. आणि श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, तर माझी वेळ-बिळ न बघता थेट दवाखान्यात भरती व्हायचं. पण काम करता येईल, भाकरी खाता येईल." मग त्या फॉर्मवर लिहू लागल्या. "आणि तुमच्या साईनाथ सरांना माझा नमस्कार सांगा. आजाराची इतकी चांगली हकिकत मला डॉक्टरसुद्धा लिहून पाठवत नाहीत."

भगवानने मंजुळाकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"काय बघताय?" ती म्हणाली. आवाज नाकातून आला नव्हता.

"दोन्ही डोळे," भगवान म्हणाला.

नमस्कार सांगितला तेव्हा साईनाथ कानापर्यंत लाल झाला. पुढे तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो शहाळं घेऊन भेटायला आला आणि ते कोणाच्या हातात द्यावं हे न कळल्याने जाताना परत घेऊन गेला. नीला मात्र रोज फोन करी. "डोळा मारायचा बंद केलात की नाही?" असं विचारून झालं की ती रडे. मंजुळाला तिला गप्प करण्यात बराच वेळ घालवावा लागे.

पाच महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. टेबलावर परत बसायचं तर नव्याने परीक्षा द्यावी लागते. शंभर कुप्या, त्यात काही मुद्दाम मिसळलेल्या खराब. साईनाथने परीक्षा सकाळी आठला ठेवली होती.

"चारला ठेवा," मंजुळा म्हणाली.

"ताई, सकाळी दिलीत तर आरामात पास व्हाल."

"सकाळी तर मी आजारी होते तेव्हापण पास झालेले."

साईनाथने वेळ खोडून चार लिहिली. ती आठपासून नेहमीसारखी इतर कामं करत राहिली. चारला डोळे न मिटता थेट तीन नंबरच्या टेबलावर बसली. दुसऱ्या टेबलांवरच्या बायका त्या दिवशी कोणाच्याच सासूबद्दल बोलल्या नाहीत. पाच सेकंद पांढऱ्यावर, पाच काळ्यावर. खराब होत्या त्या सगळ्या बाजूला गेल्या. त्यांच्यासोबत तीन चांगल्याही गेल्या.

"पास!" साईनाथ जवळजवळ ओरडला. "तीन चालतात, ताई. पाचपर्यंत चालतात."

"शेवटच्या दहाला जड झालं," मंजुळा म्हणाली. "त्या तिन्ही शेवटच्या दहातल्या असतील. बघा."

त्याने पाहिलं. होत्या.

"ते लिहा."

"कशाला? पास आहात ना."

"लिहा, सर. तुमचा तक्ता होता म्हणून मी इथे बसलेय."

त्याने लिहिलं. हरिहर सरांनी वाचलं आणि तिला केबिनमध्ये बोलावून पुन्हा खुर्ची दिली. दोन वाजेपर्यंत टेबल, दोननंतर नव्या मुलींचं ट्रेनिंग, असं ठरलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तीन नंबरचा दिवा दिवस संपण्याआधी विझणार होता.

पहिल्या दिवशी बरोबर दोनला मंजुळाने गोळी घेतली, पेटीतला दिवा स्वतः बंद केला आणि फडका घडी करून ठेवला. उठताना तिचा हात क्षणभर बटणावरच राहिला. मग ती शेजारच्या टेबलाकडे गेली. तिथे कल्पिता नावाची नवी मुलगी भिंतीवरचे नियम पाठ करत उभी होती.

"ताई, हे सगळं कळलं. पण शंका आली तर?"

"बाजूला ठेवायची," मंजुळा म्हणाली. तिने लाल ट्रे उचलला. त्यात एकच कुपी होती. ती तिने चालू दिव्यासमोर धरली, पाहिली, आणि पुन्हा जपून ट्रेमध्ये ठेवली.

"आणि बाजूला ठेवलेली लगेच फेकायची नाही," ती म्हणाली. "सकाळी परत बघायची."

कल्पिताने भिंतीकडे पाहिलं. "हे नाही लिहिलेलं इथे."

"लिही मग," मंजुळा म्हणाली आणि तिला स्वतःचं पेन दिलं.